सेकंड हँड छोटी एसयूव्ही घ्यायचीय? आधी तुमचा रोजचा रस्ता मोजा

मी मेकॅनिक नाही. एकदा जुनी गाडी घेताना फसलो आणि त्यानंतर शिकलो, एवढीच माझी पात्रता. तरीही "जरा गाडी बघायला येता का?" म्हणून रविवारी सकाळी फोन करणारे शेजारी-नातेवाईक वाढतच चाललेत. दरवेळी तेच सगळं नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

गाडीच्या आधी वही उघडा

आमच्या नाशकात जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "घाटात चढायला दम पाहिजे." वणीचा गड वर्षातून दोनदा, सापुतारा एकदा. उरलेले साडेतीनशे दिवस ती गाडी इंदिरानगरहून मुलांची शाळा, तिथून अंबडची कंपनी आणि संध्याकाळी कॉलेज रोडची खरेदी, एवढंच करणार असते. गाडी त्या साडेतीनशे दिवसांसाठी घ्या.

म्हणून आठवडाभर एका वहीत लिहा: रोज किती किलोमीटर, एका फेरीत सलग किती, गाडीत किती माणसं, गाडी कुठे लावणार. सात दिवसांत पेट्रोल की डिझेल हा वाद आपोआप मिटतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची जाळी बसली. ही जाळी काजळी अडवते आणि ती काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. द्वारका चौकात रखडत चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते होत नाही. जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च सुरू होतो. रोज सिन्नर किंवा मालेगावला जाणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावी. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने लिटरमागचे चार किलोमीटर जास्त बघून भुलू नये.

सीएनजी परवडतो, पण बहुतेक गाड्यांत डिकी सिलिंडरला द्यावी लागते. बाहेरून बसवलेलं किट असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का ते बघा, नसेल तर विम्याचा दावा अडकतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, तिचं सर्टिफिकेट मागा.

आणि आजी. एसयूव्ही घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण मला तरी घाट वाटत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाटतात. सीट उंच असली की खाली बसल्यासारखं बसावं लागत नाही आणि उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही. पण काही गाड्यांचा उंबरा इतका उंच असतो की पाय उचलून आत ठेवणं हीच कसरत होते. आजींना शोरूमला घेऊन जा, तीनदा बसवा-उतरवा. त्यांचं मत अंतिम माना.

कोणती आणि कोणत्या सालची

आपल्याकडे या गाड्या चार मीटरच्या आत का, तर करामुळे. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि लहान इंजिन असलेल्या गाडीला कमी कर आहे. त्या चार मीटरांत रुबाब, मागची सीट आणि डिकी असं सगळं कोंबायचं म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० हे त्याचं चांगलं उदाहरण. ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनायची, चारही चाकांना डिस्क ब्रेक, २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे. पण डिकी जेमतेम अडीचशे लिटरच्या आसपास, तर कियाच्या सोनेटची पावणेचारशेच्या वर. गावची आहे म्हणून घेऊ नका आणि गावची आहे म्हणून टाळूही नका. घरात बाबागाडी असेल तर ती बरोबर न्या आणि डिकीत घालून बघा.

बाकी ओळखीची नावं: ब्रेझा २०१६ पासून, नेक्सॉन २०१७ पासून, व्हेन्यू २०१९ पासून. पहिली ब्रेझा सुरुवातीला फक्त डिझेलमध्ये यायची, पेट्रोल २०२० मध्ये आलं. त्यामुळे कुणी २०१८ ची पेट्रोल ब्रेझा दाखवली तर आधी आरसी मागा. इकोस्पोर्ट चालवायला आजही मजेदार आहे, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. घ्यायचीच असेल तर आधी बंपर, हेडलाइट आणि क्लच किती दिवसांत नि कितीला मिळतात हे फोन करून विचारा. खरं तर हा फोन कुठल्याही मॉडेलसाठी करावा.

सालाबाबत माझा हट्ट आहे. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांना २०२१ संपेपर्यंत सक्तीची नव्हती. म्हणजे २०१७-१८ च्या बेस व्हेरिएंटमध्ये सुरक्षेचं सामान कापलेलं असू शकतं. सनरूफ नसला तरी चालेल, दोन एअरबॅग नि एबीएस नसलेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नका. लहान मूल असेल तर मागच्या सीटच्या फटीत हात घालून मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या चाचपा.

पैशाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. नव्या गाड्या उतरल्या, पण जुनी विकणाऱ्याच्या डोक्यात अजून त्याने मोजलेलीच रक्कम बसलेली असते. "मला साडेबारा पडली होती" याला काही अर्थ नाही. त्याच व्हेरिएंटची आजची नवी किंमत काढा आणि तिथून खाली उतरत या. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १५०० सीसीचं, त्यामुळे ती या सवलतीत बसत नाही. तिचं गणित वेगळं करा.

डीलरकडून घेताना अजून एक गंमत होते. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे खरा, पण तो डीलरच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. "सात लाख प्लस जीएसटी" असं कुणी म्हणालं तर शांतपणे हसा आणि दुसरं दुकान बघा. घरगुती मालकाकडून घेतली तर तो करच नाही.

हातात सात लाख असतील तर गाडी सहा-सव्वासहाची बघा. चार टायर २५-३० हजारांच्या घरात जातात, त्यात बॅटरी, विमा, ट्रान्सफर आणि पहिली सर्व्हिस धरा. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो, हेही धरा.

मुहूर्त मानत नसाल तर पितृपक्षासारखा काळ नाही. त्या पंधरा दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही, डीलर माशा मारत बसलेला असतो आणि भाव खाली येतो. मानत असाल तर पाडवा किंवा दिवाळी उलटल्यावर जा. लोकांनी नवी घेताना दिलेल्या जुन्या गाड्या तेव्हा बाजारात येतात.

घरबसल्या होणारी तपासणी

पेट्रोल जाळत गावभर फिरण्याआधी विक्रेत्याकडून फक्त गाडीचा नंबर मागा. तो देताना जो कचरतो, त्याचा नाद सोडा. परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा आहे की नाही हे दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकलेला दंड बघा.

मग विम्याच्या पॉलिसीचा फोटो मागवा आणि नो क्लेम बोनसचा आकडा शोधा. पाच वर्षं दावा न करणाऱ्याला ५० टक्के बोनस मिळतो. गाडी चार वर्षांची, मालक एकच आणि बोनस शून्य, तर नुकताच दावा झालेला असण्याची शक्यता मोठी. काय झालं होतं ते विचारा. बंपर घासला असेल, झाडही पडलं असेल. उत्तर देताना माणूस किती अडखळतो तेही बघा.

नंबर प्लेटही बोलते. एमएच-१५ म्हणजे नाशिक, एमएच-४१ मालेगाव. मुंबई-ठाण्याकडची गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज आणि तुंबलेलं पाणी या दोन्ही शंका धरून खाली वाकून बघा. पुण्याच्या एमएच-१२ वाल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, पण नंबर तोच राहतो नि कर पुन्हा भरावा लागत नाही. जीजे किंवा डीडी (गुजरात, दमण) पासिंगची गाडी स्वस्त दिसते, मात्र इथे कायम ठेवायची तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर असं सगळं आलं. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

गाडी थंड असताना बघा

आता माझी फसगत. एका संध्याकाळी गाडी बघायला गेलो. मालक म्हणाले, "उन्हात उभी होती, तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवला." मला त्यांचं अगत्य वाटलं. गाडी फिरवली, लोण्यासारखी. व्यवहार झाला. पहिल्याच थंडीत सकाळी सेल मारला तर इंजिन खडखडायला लागलं आणि मागून निळसर धूर. पाच मिनिटांत तापलं की सगळं बंद. एसी माझ्यासाठी नव्हता, इंजिनासाठी होता.

तेव्हापासून मी सकाळी सातला जातो आणि "मी येईपर्यंत चालू करू नका" असं आधीच सांगतो. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर चहा पिऊन परत येतो, दुसऱ्या दिवशी. निफाडला पारा घसरतो त्या दिवसांत गाडी बघायला मिळाली तर उत्तमच, थंडीत डिझेलला काही लपवता येत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जात असेल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा, तिथून भसाभसा वाफ-धूर येत असेल तर पुढे बोलणंच नको.

मग पत्रा, तोही दिवसाच्या उजेडात. बॉनेट, दारं आणि डिकीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, दाराचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके एका ओळीत आहेत का? एखादं दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही, नाशकात गल्लीबोळात राहणाऱ्याचं एखादं दार घासतंच. पण पिलर आणि बॉनेटखालच्या चेसिसच्या दांड्या ठोकून सरळ केलेल्या असतील तर गाडी सोडा, कितीही स्वस्त असली तरी. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के जुळवा, एकच काच वेगळ्या सालची असेल तर कारण विचारा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर रनिंग २५ हजार आणि चारही टायर नवे, हे जुळत नाही. तसंच ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं आणि मीटर म्हणतंय तीस हजार, तर मीटर मागे फिरवलेला समजा. मालकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढायला सांगा, प्रत्येक भेटीचं रनिंग त्यात असतं.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय हे आपण पावसाळ्यात कौतुकाने बघतो, पण घाटाजवळ लावलेल्या गाड्याही त्याच पाण्यात असतात. अशी गाडी धुऊन-पुसून छान दिसते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी मातीची रेघ दिसेल. सीटखालच्या पट्ट्यांवर, स्टेपनीच्या खड्ड्यात नि पेडलच्या मुळाशी गंज शोधा. काचा बंद करून पाच मिनिटं बसा. कोंदट वास येत असेल, किंवा भरपूर अत्तर मारलेलं असेल, तर उठा.

दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराची गाडी असेल तर डिकी आणि मागची सीट नीट बघा. टोमॅटोचे क्रेट, औषधाचे ड्रम वाहून मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. यात त्यांचा काही दोष नाही, गाडी कामासाठीच असते. पण भाव त्याप्रमाणे करा.

चालवून बघणं: तीन ठिकाणं

रेडिओ बंद, काचा आधी उघड्या, मग बंद.

पहिलं ठिकाण उतार. घाट लांब आहे, पण बेसमेंट पार्किंगचा रॅम्प कुठेही सापडतो. मध्यावर थांबा आणि पहिल्या गिअरमध्ये वर काढा. क्लच अगदी वर येऊन पकडत असेल किंवा जळका वास आला तर क्लचचा खर्च जवळ आलाय. एएमटी (क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स) असेल तर मागे किती घसरते ते बघा. ऑटोमॅटिकमध्ये ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) असेल तर वीस मिनिटं गर्दीत चालवल्यावर हाच प्रयोग पुन्हा करा, झटके तेव्हाच येतात.

दुसरं, उखडलेला रस्ता. तो शोधावा लागत नाही, सिंहस्थाच्या कामांची सध्या तेवढी कृपा आहे. पंचवीसच्या वेगात जा आणि ऐका. एखादाच ठोका असेल तर लिंक रॉड किंवा बुश (सस्पेन्शनचे छोटे भाग), स्वस्तातलं काम. स्टिअरिंगमध्ये खडखड जाणवली तर मेकॅनिकला सांगायला लक्षात ठेवा.

तिसरं, हायवे. उड्डाणपुलावरून विल्होळीच्या दिशेने ऐंशीपर्यंत. स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग नाहीतर वाकलेली रिम. मागे कुणी नाही हे बघून जोरात ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढायला नको. समृद्धीवर जायचा विचार असेल तर जुन्या टायरवर जाऊच नका. तिथे सलग १२० च्या वेगात टायर इतके तापतात की सहा वर्षांचं रबर कधी फुटेल सांगता येत नाही.

एवढं सगळं जमल्यावरच मेकॅनिक बोलवा. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नको, तुमचा हवा. स्कॅनर लावून साठलेले एरर बघायला सांगा. काल रात्री कुणी ते पुसले असतील तर अनुभवी माणसाला तेही कळतं. हजार-पंधराशे रुपये जातील, जाऊ द्या.

व्यवहार आणि आरटीओ

टोकन दिलंत तर पावती घ्या. त्यावर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि "बोजा उतरला नाही किंवा कागद सदोष निघाले तर टोकन परत" हे एक वाक्य लिहून घ्या. बाकी रक्कम बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही आणि तुमच्याकडेही पुरावा राहत नाही.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. शिवाय आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन. नाशिकचं आरटीओ पेठ रोडला आहे, पण आता बरंच काम ऑनलाइन होतं. ओटीपी येतात, म्हणून विक्रेत्याचा चालू मोबाइल नंबर पोर्टलवर आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. मालक दुबईला आणि सिम बंद, अशा गाडीत महिने जातात. एजंट घ्यायचा तर घ्या, पण कोऱ्या फॉर्मवर सही नको.

नव्या मालकाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमा कंपनीला मात्र १४ दिवसांतच. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रेत्याचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, हप्त्यात फरक भरावा लागेल. "विमा आहे ना मार्चपर्यंत" म्हणून गप्प बसलेल्यांची गाडी ठोकली की मग धावाधाव होते.

किल्ली हातात घेताना डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, मीटरचं रनिंग, दोघांच्या सह्या. वेळ लिहायला विसरू नका. दुपारी चारला गाडी घेतली आणि अकराचं चलन आलं, तर ते कुणाचं यावर भांडण होत नाही. शहाणा विक्रेता स्वतःच ट्रान्सफरची घाई करतो. कारण नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला. आधीच्या मालकाने परवाच बदललंय म्हणून सांगितलं असलं तरी. त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि स्वतःचा घ्या. नव्या जमान्याच्या गाड्या मोबाइलला जोडलेल्या असतात, तेव्हा आधीच्या मालकाच्या ॲपमधून गाडी काढून टाका. नाहीतर तुम्ही कुठे आहात हे त्याला घरबसल्या दिसेल. दुसरी किल्ली मिळाली नसेल तर तिचे पैसे किमतीतून आधीच कापून घ्यायचे होते.

सनरूफ असेल तर पहिल्या जोराच्या पावसानंतर पायाखालची मॅट उचलून ओल बघा. छताच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या चोंदतात. आमच्या सोसायटीतल्या एकांनी छत गळतं म्हणून गाडी परत करायची तयारी केली होती. मेस्त्रीने नळीत हवा मारली, तर आतून कडुनिंबाची मूठभर पानं निघाली.